हमरियाच्या रस्त्यावरची रुई

मी आखातात, दुबईजवळच्या अजमानला आलो तेव्हा माझ्याजवळ बॉटनीची डिग्री होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील दुसऱ्यांच्या विहिरी खणायचे, आई खडी फोडायला जायची, आणि दादा सातवीतून उठून वेल्डिंगच्या दुकानात लागला होता. मला शिकवलं ते दादाने. हे मी कुठेही सांगतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

नोकरीही दादानेच बघून दिली, एका लँडस्केपिंग कंपनीत. काम वाळवंटात हिरवळ लावायचं. पण हिरवळ लावायच्या आधी तिथे आपलं आपण जे उगवलेलं असेल ते काढून टाकावं लागतं, आणि त्या उपटाउपटीवर देखरेख करायला कंपनीला एक बॉटनीवाला हवा होता, हे मला कामावर रुजू झाल्यावर कळलं. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत तेव्हा व्हिला उठत होते. आम्ही पहाटे अजमानहून निघायचो आणि उन्हं चढायच्या आत एक एक प्लॉट साफ करायचो. थंडी सरताना अरफजची झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली असायची. आपल्याकडे जो सराटा चपलेतून पायात घुसतो, तो तिथे एक पाऊस पडला की वाळूवर पिवळाधमक पसरायचा. कडू इंद्रावणाचे वेल असायचे, त्यांना चेंडूएवढी पट्टेरी फळं. कधी कधी तर वाळूतून नुसताच पिवळा तुरा वर आलेला दिसायचा, हातभर उंच, पान नाही, फांदी नाही. दुसऱ्या झुडपाच्या मुळावर जगणारी ती वनस्पती मी कॉलेजात फक्त पुस्तकात पाहिली होती.

साइटच्या ड्रॉइंगमध्ये ह्या सगळ्यांना एकच नाव होतं, वीड, म्हणजे तण. घाफला तेवढा हात लावायचा नाही अशी ताकीद होती. घाफ म्हणजे आपली शमी. बाकीच्यांना वाली नव्हता. शॉवेल, म्हणजे माती उपसणारं मशीन, यायच्या आधी मी एखादी फुललेली डहाळी तोडून खिशात ठेवायचो, तर आमचा पठाण ड्रायव्हर म्हणायचा, "साब, आज सलाद बनेगा?" मग शॉवेल यायचा, आणि दुपारपर्यंत तिथे पेट्युनियाच्या फुलझाडांचे ट्रे उतरलेले असायचे. पेट्युनिया एप्रिलमध्ये मरायचा. मग नवे ट्रे.

दादा हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन यार्डात फोरमन होता. अजमानमध्ये आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी, दादा आणि त्याची मुलगी. मुलगी तेव्हा पहिलीत होती.

तिची आई मी यायच्या आधीच अजमानमध्ये गेली. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि ताप मेंदूत गेला. आठवडाही लागला नाही. दादा तिला घेऊन गावी गेला. म्हणजे तो वर सीटवर आणि ती खाली कार्गोत. ती दादाची दुसरी बायको. पहिली वहिनी लग्नाचं वर्ष पुरं व्हायच्या आत काविळीने गेली होती, गावातच, दादाच्या मांडीवर. गावातली माणसं तोंडावर काही बोलत नसत. पण दुसऱ्या वहिनीच्या दहाव्याला मी माझ्या कानांनी ऐकलं, ओट्यावर बसलेला एक म्हातारा तंबाखू मळत म्हणत होता, "ह्याला बायको लाभत न्हाई." दादा तिथून हाताच्या अंतरावर उभा होता.

तो परत आला आणि मुलीचं सगळं स्वतः करू लागला. वेण्या घालायला शिकला. वेल्डिंग करून बोटं जाड झालेली, त्यांत रबरबँड अडकायचे. ती म्हणायची, "पप्पा, यू आर पुलिंग." तो म्हणायचा, "हलू नको, मग ओढत न्हाई." तो मराठीत बोलायचा, ती इंग्लिशमध्ये. दोघांचं छान चालायचं.

शाळा सुटल्यापासून दादा येईपर्यंत ती खालच्या मजल्यावरच्या आंटीकडे असायची. आंटी वसईच्या. नवरा एका हॉटेलात स्टुअर्ड, मुलं मोठी होऊन गेलेली. आमच्या मुलीवर त्यांचा जीव होता. पण त्या वर्षी नवऱ्याची नोकरी संपणार होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं कायमचे वसईला जायचं ठरलं.

आंटींनी स्वतः वर येऊन सांगितलं. दादासमोर बसल्या, चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "भाऊ, जुलैपर्यंत मी हाय. पुढे पोरीचा काय तो विचार आतापासून कर. तुम्ही दोन पुरुष, दोघांची ड्युटी. घरात बाई पाहिजे. नायतर पोरगी गावाला पाठव."

दादा म्हणाला, "गावाला न्हाई पाठवणार."

"मग लगीन कर."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. जुलैच्या आत घरात कोणी आलं तर मुलगी बापाजवळ राहणार, नाही तर जाणार.

आक्काने, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीने, सांगोल्याकडचं एक स्थळ काढलं. मुलगी तिशी ओलांडलेली, अंगणवाडीत शिकवणारी, शांत. फोटोत ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, लगेच उठावं लागेल अशी. आमच्या मुलीने फोटो बघितला आणि विचारलं, "डझ शी नो हाउ टु मेक पास्ता?" दादा हसला. फार दिवसांनी हसला.

त्या सांगोल्याच्या मुलीला वडील नव्हते, सगळं तिच्या मामांच्या हातात होतं. मामा फोनवर सरळ बोलले. मी बाजूला उभा होतो, दादाने रिसीव्हर थोडा लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"पाहुणे, राग मानू नका. दोन गेल्या. आमची तिसरी. आमच्या घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. आधी रुईशी लग्न लावून घ्या. तिसरी ती होऊ द्या. मग आमची चौथी."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे तिसरं लग्न घातकी मानतात. म्हणून तिसऱ्यांदा उभा राहणारा पुरुष आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतो. अर्कविवाह म्हणतात त्याला. तिसऱ्या बायकोच्या वाट्याला जे मरण असेल ते रुईने घ्यायचं, असा हिशेब. मी हे लहानपणी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

फोन ठेवून दादा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "दादा, हे सगळं थोतांड आहे."

"मला म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? पोरगी इथं राहते का, ते सांग."

मी म्हणालो, ठीक आहे.

लग्न गावी जाऊन लावायला त्याला तेव्हा रजा नव्हती. रजा मिळायची ती मे महिन्यात, खऱ्या लग्नासाठी. म्हणून इथेच लावायचं ठरलं. गुरुजी मिळाले. ते दिवसा एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी शारजा-अजमानमधल्या मराठी घरांत सत्यनारायण, बारसं, वास्तुशांत करायचे. सोवळं कारच्या डिकीत असायचं. त्यांनी फोनवर सांगितलं, पोथीत शनिवार किंवा रविवार दिलाय, पण इथे सुट्टी शुक्रवारी, तेव्हा शुक्रवार. "इथे शुक्रवारच रविवार धरायचा," म्हणाले. "आणि रुई बघून ठेवा. एकटी उभी असलेली, फुललेली, निरोगी. स्मशानाजवळची नको."

रुई शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

रुई वाळवंटात हवी तिथे मिळते. इथले लोक तिला अश्खर म्हणतात. शेळी तिला तोंड लावत नाही, उंटही लावत नाही, म्हणून जिथे सगळं खाऊन संपलेलं असतं तिथे रुई उभी असते. पानं जाड, राखाडी, वर पीठ फासल्यासारखी. फूल नीट बघितलं तर फार देखणं, पांढरं, मेणासारखं, पाकळ्यांची टोकं जांभळी आणि मध्ये मुकुट. तोडलं की चीक येतो. आमच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की हिचं मूळ सरळ खाली जातं, माणूस गाडता येईल त्याहून खोल. मला एक रुई सापडली अजमानहून हमरियाकडे जाणाऱ्या रस्त्याला, डांबरापासून थोडी आत, खाडीच्या बाजूच्या सपाट जमिनीवर. माझ्या कमरेएवढी, फुलांनी भरलेली. आजूबाजूला दुसरं झाड नव्हतं. मी दादाला नेऊन दाखवली. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "लहान हाय."

"मोठी कशाला पाहिजे?"

"तसं न्हाई. वयानं लहान दिसती."

मी हसलो. तो हसला नाही.

लग्न जानेवारीत लागलं, सकाळी. आम्ही चौघं होतो. गुरुजी, दादा, मी आणि मुलगी. मुलीला आंटीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण आंटी म्हणाल्या, "झाडाशी लगीन? आमच्यात माणसाशी निभवताना नाकी नऊ येतात." आणि वर, "पोरीला घेऊन जा. लपवाल तर जास्त विचारेल." म्हणून ती फ्रॉक घालून आली. गाडीत तिने विचारलं, "काका, इज पप्पा रिअली मॅरीइंग अ प्लांट?" मी म्हणालो, खोटं खोटं. तिने मान हलवली. शाळेच्या नाटकासारखं काहीतरी असेल असं तिला वाटलं असावं.

गुरुजींना घाई होती. उघड्यावर पूजाअर्चा म्हणजे कोणी हटकलं तर उत्तर काय द्यायचं? त्यांनी रुईला पिवळं कापड गुंडाळलं, सुताचे फेरे घातले, हळदकुंकू लावलं. बुडाशी गूळभात ठेवला. रुईच्या बाजूने बाप म्हणून तेच उभे राहिले. अंतरपाट म्हणून घरचा टॉवेल होता. एक टोक माझ्या हातात आणि दुसरं मुलीच्या. उंची जमेना म्हणून ती पाण्याच्या कूलरवर उभी राहिली. मंगलाष्टकं गुरुजींनी दबक्या आवाजात म्हटली. अक्षता वाळूत पडल्या आणि मुंग्या लगेच आल्या.

एक पाण्याचा टँकर रस्त्यावर थांबला. कोणी अनोळखी पठाण चालवत होता, त्याने काच खाली केली. "भाईजान, गाडी खराब हुआ?"

गुरुजी म्हणाले, "नहीं नहीं, पूजा है."

"किसका?"

"शादी का."

त्याने आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग मोकळ्या मैदानाकडे बघितलं. "दुल्हन किधर?"

दादाने रुईकडे बोट केलं. पठाण थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "अल्ला खैर करे," आणि काच वर घेऊन गेला.

शेवटी गुरुजी दादाला म्हणाले, "आता ही तुमची पत्नी. चार दिवस जपायची असं पोथीत आहे. मग सोडून द्यायची, मागे वळून बघायचं नाही. यल्ला, चला, आटपा."

दादाने शब्दशः मानलं ते एवढंच. जपायची.

दुसऱ्या दिवसापासून तो यार्डातून येताना पिकअप तिथे थांबवायला लागला. पिकअपमध्ये पाण्याचा कॅन. चार दिवस झाले, आठवडा झाला, महिना झाला. मला कळलं ते मुलीकडून. "पप्पा गिव्ज इट वॉटर. एव्हरी डे. यू डोंट नो?" सुट्टीच्या दिवशी तो तिलाही घेऊन जायचा. तिने बुडाशी शिंपल्यांचं कडं केलं होतं. दादाने बाजारातून लेंडीखताचं पोतं आणून आळं करून भरलं होतं.

मी जाऊन बघितलं आणि माझं डोकं फिरलं. त्या रात्री जेवताना म्हणालो, "दादा, ती रुई आहे. वाळवंटातली. तिला पाणी नको असतं."

"कुणाला पाणी नको असतं?"

"ह्या झाडाला. पाऊस वर्षात एकदा पडतो, त्यावर ती जगते. मुळं खोल असतात. वरून रोज घातलंस तर कुजेल. त्या जमिनीत खाली मिठाचा थर आहे, पाणी खाली जात नाही, तुंबतं. मी शिकलोय ना हे?"

"तू शिकलास, बरोबर हाय." त्याने भाकरी मोडली. भाकरी आम्ही दोघं आळीपाळीने करायचो, त्या दिवशीची त्याची होती, जाड. "पण ती आता काय नुसतं झाड न्हाई. मी तिला काय म्हणून आणली? मरायला. मरायसाठी हळद लावली. तेवढं पाणी तरी घालू नको?"

मी म्हणालो, "दादा, ते खोटं खोटं होतं."

"पोरगी पण तसंच म्हणती."

त्याने पाणी थांबवलं नाही. मी दोनदा सांगितलं, एकदा भांडलो. एकदा त्याच्या पिकअपमधला कॅन उचलून फ्लॅटमध्ये आणून ठेवला, तर त्याने यार्डातून दुसरा आणला. कधी कधी वाटायचं, ह्या माणसाने मला शिकवलं ते कशासाठी? माझं ऐकायचंच नव्हतं तर.

फेब्रुवारीत रुईची खालची पानं पिवळी पडली. दादाने पाणी वाढवलं. मार्चमध्ये कळ्या गळाल्या, शेंडा काळवंडून खाली वाकला. एका शुक्रवारी मुलगी परत आली आणि शूज काढता काढता म्हणाली, "इट इज डेड, काका. पप्पा इज सिटिंग डाउनस्टेअर्स." मी खाली गेलो तर दादा पिकअपमध्ये बसला होता. एसी बंद. काचा वर.

गावी ही बातमी आक्काला मी सांगितली. आक्काने मामांना. आणि मामांचा फोन आला तो आनंदाचा.

"पाहुणे, फार उत्तम झालं. ह्याहून चांगला शकुन नाही. जे व्हायचं ते झाडावर गेलं. आता निर्धास्त. मे महिन्यातला मुहूर्त धरतो."

दादाने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मामा, मुलीला दुसरीकडं द्या."

"काय झालं? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं न्हाई. तिसरी पण गेली. आता चौथी नको."

"अहो, ती जायलाच हवी होती. त्यासाठीच तर..."

"व्हय," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

आक्का रडली, ओरडली. गुरुजी घरी येऊन समजावून गेले. पोथीप्रमाणे सगळं यथासांग झालं, दोष गेला, आता मनात किंतू ठेवू नका. दादाने त्यांना चहा दिला आणि "होय गुरुजी" म्हणत राहिला. सगळ्या जगाला जो शुभशकुन दिसत होता त्यात ह्या एकट्या माणसाला तिसरं मढं दिसत होतं.

मग मला वाटलं, आता माझी पाळी. अंधश्रद्धेला अंधश्रद्धेने उत्तर देऊन चालणार नाही, ह्याला कारण दाखवलं पाहिजे. एका सुट्टीच्या सकाळी मी साइटवरचं फावडं आणलं, दादाला जबरदस्तीने गाडीत बसवलं आणि हमरियाच्या रस्त्यावर नेलं. रुई उभीच होती, वाळलेली, पिवळ्या कापडाच्या चिंध्या अंगावर. मी खणायला लागलो. वरचा हातभर थर ओला होता, अजून. खाली मिठाचा पांढरा कडक थर लागला. मूळ त्या थरापर्यंत आलं होतं आणि तिथे काळं पडलं होतं. बोटाने दाबलं तर साल निघून आली, आतून लगदा, कुजका वास. मी ते दादाच्या हातात दिलं.

"बघ. हे कुजलंय. ह्याला दैव म्हणत नाहीत, दोष म्हणत नाहीत. मुळाला हवा मिळाली नाही. पाणी साठलं, बुरशी लागली, झाड मेलं. कुठल्याही झाडाचं हेच झालं असतं. तुझ्या नशिबाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही."

दादाने मूळ हातात फिरवून बघितलं. वास घेतला. तो वेल्डर होता, कुठला जोड कुठे आणि का तुटला हे बघायची त्याला सवय. बराच वेळ बघून म्हणाला, "म्हंजे पाण्यानं मेलं."

"पाण्यानं. तेच सांगतोय."

"पाणी कुणी घातलं?"

मी फावड्याची माती झटकली.

"मीच घातलं," तो म्हणाला. "न घालता ती जगली असती. किती वर्षं जगली असती?"

"दादा..."

"सांग की. तू शिकलायस."

"पुष्कळ वर्षं."

त्याने मूळ खड्ड्यात ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि पायाने वाळू ओढली. परत येताना गाडीत एकच बोलला. "पहिलीला मीच उसाचा रस पाजायचो. काविळीला चांगला म्हणून. दुसरीला ताप आला तर दोन दोन ब्लँकेटं घातली. घाम यायला."

मी गाडी चालवत होतो. मला म्हणायचं होतं की उसाच्या रसाने कोणी मरत नाही आणि ब्लँकेटने ताप मेंदूत जात नाही. मी म्हटलंही. पण त्याने रेडिओ लावला होता, अरबी बातम्या, त्यातलं आम्हा दोघांना अक्षर कळत नव्हतं.

त्यानंतर तो मुलीपासून लांब राहू लागला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. वेण्या घालायचं त्याने आंटीवर टाकलं. डबा मला भरायला लावला. ती त्याच्या गादीवर झोपायची, तिला आतल्या खोलीत पाठवलं. तिला ताप आला तेव्हा तो दाराबाहेर उभा राहून मला सांगत होता, "तू दे औषध. तू दे. मी न्हाई." ती आतून हाक मारत होती, "पप्पा, कम." तो आला नाही. जिना उतरून खाली गेला आणि रस्त्यावर उभा राहिला. ताप साधा होता, दुसऱ्या दिवशी उतरला.

मी त्याला बोललो. वाईट बोललो. म्हणालो, "आई नाही त्या पोरीला, आता बापही नको का?" तो म्हणाला, "बाप पाहिजे म्हणून तर लांब ठेवतो." आंटींनी तर त्याला जिन्यात धरून सुनावलं, "अरे भाऊ, देवाने तुला हात दिलेत ते काय मारायला दिले? उचल की पोरीला." तो खाली मान घालून ऐकत होता. मोठ्या माणसाला कोणी शाळकरी पोरासारखं रागावतंय हे बघून मुलगी माझ्यामागे लपली.

जुलैत आंटींबरोबरच तिला गावाकडे पाठवली. मुंबईला आक्का घ्यायला येणार होती. विमानतळावर दादा आत आला नाही, पार्किंगमध्ये थांबला. मुलीला वाटलं पप्पा गाडी लावून येतो. आंटींनी तिचा हात धरला, दुसऱ्या हातात ट्रॉली, आणि मला म्हणाल्या, "तू तरी वेडा होऊ नकोस." मुलगी काचेआडून मागे बघत होती. ती रडली नाही, तिला फक्त सुट्टीला जायचं सांगितलं होतं. ते सांगितलं दादाने. मी नाही.

सहा महिने देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्स व्हिसा आपोआप बाद होतो, हे तिकडे राहणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. दर महिन्याला मी आठवण करायचो. दादा, अजून वेळ आहे. दादा, तिकीट बुक करतो, मी जाऊन आणतो, शाळेत विचारलंय, सीट ठेवतील. शेजारी एक केरळी नर्स राहायला आली होती, ती दुपारी बघायला तयार होती. सगळी सोय होत होती, अगदी बाई घरात न आणता. तो म्हणायचा, "बघू." डिसेंबरमध्ये म्हणाला, "तिथं तब्येत सुधारलीय म्हणे तिची. आक्का म्हणती, दोन वेळा जेवती." मी म्हणालो, "इथेही जेवत होती." तो म्हणाला, "तिथं मी न्हाई."

मुदत संपली त्या दिवशी त्याने यार्डात ओव्हरटाइम केला.

आता फक्त फोन उरला. आठवड्यातून एकदा आम्ही कोपऱ्यावरच्या बूथवर कार्ड घेऊन जायचो. दादा नंबर फिरवायचा, पलीकडे आक्काचा आवाज आला की रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. "तू बोल," म्हणायचा. मग मुलगी यायची. शाळेचं सांगायची, शेळीला करडू झाल्याचं सांगायची, आणि शेवटी विचारायची, पप्पा आहे का. मी म्हणायचो, पप्पा ड्युटीवर आहे. दादा माझ्या शेजारीच असायचा, डोकं माझ्या डोक्याला टेकवून, कान रिसीव्हरच्या मागच्या बाजूला लावून. त्याच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला टोचायचे. मी काहीतरी विचारून तिला बोलतं ठेवायचो, करडाचा रंग कोणता, बाईंनी काय शिकवलं. कार्ड संपून लाइन कट होईपर्यंत तो तसाच वाकून उभा असायचा, श्वाससुद्धा जपून घेत, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.